रंग पालटला म्हणून साप खोटा ठरत नाही

पाळीव सापाच्या पिल्लाचा रंग बदलू लागला की दोन बाजूंनी ओरड सुरू होते. एक बाजू म्हणते, हा पिंजऱ्यातल्या पैदाशीचा बिघाड. रानात असलं काही होत नाही, माणसाने हौसेपायी एक जीव नासवला. दुसरी म्हणते, काहीतरी नवीन निघालंय, जपून ठेवा, पुढे लाखात जाईल. पहिली बाजू प्राणिप्रेमींची, दुसरी सापांची पैदास करून विकणाऱ्यांची. एरवी हे एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतात. पण सापाच्या अंगावरचा रंग हलला म्हणजे काहीतरी सिद्ध झालं, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. मला दोघांशीही भांडायचं आहे, त्यातही पहिल्यांशी जास्त. त्यांचा राग मला मान्य आहे, त्यांनी पुढे केलेला पुरावा मान्य नाही. आणि खऱ्या तक्रारीचा खटला खोट्या पुराव्यापायी हरला जाताना बघवत नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. साप हा काही सरडा नव्हे. सरडा रंग बदलतो, साप कात टाकतो. जुन्या कातीखालून तोच साप, त्याच रंगाचा, फक्त चकचकीत होऊन बाहेर येतो. मग परदेशातल्या एखाद्या पैदासकाराने विकलेला पिवळाधमक साप वर्षभरात हिरवा झाला, किंवा पिवळ्या-जांभळट सापावर काळे ठिपके उमटायला लागले, तर त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. एक तर नात्यातच जोड्या लावून लावून वंश किडला असेल, नाही तर दिव्यांनी आणि भलत्या खाण्याने जनावर होरपळलं असेल, नाही तर विकणाऱ्याने सरळ फसवलं असेल. आठवडी बाजारात गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली कोंबडीची पिल्लं विकायला बसलेली ज्याने पाहिली आहेत, त्याच्या मनात ही शेवटची शंका येणारच. शंकेबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘रानात असं होत नाही’ या वाक्याबद्दल. ते खरं नाही, आणि ते किती खरं नाही हे पाहायचं तर न्यू गिनीत जायला हवं.

न्यू गिनी बेट आणि त्यासमोरचं ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक इथे हिरवा वृक्ष-अजगर राहतो, शास्त्रीय नाव मोरेलिया विरिडिस. आडव्या फांदीवर वेटोळी दोन्ही बाजूंना सारखी टाकून मधोमध डोकं टेकवून बसलेला, पाठीवर तुरळक पांढरे खवले असलेला हा साप चित्रांतून अनेकांनी पाहिलेला असतो. जगभरच्या हौशी पाळणाऱ्यांचा तो लाडका. पण अंड्यातून निघतं ते पिल्लू हिरवं नसतंच. ते लिंबासारखं पिवळं असतं, किंवा विटकरी तांबडं. न्यू गिनीकडच्या काही भागांत तर एकाच वेतातल्या अंड्यांतून दोन्ही रंगांची भावंडं बाहेर पडतात. कोणी जोडी जुळवलेली नसते, दिवा लावलेला नसतो, खाऊ घातलेलं नसतं. पावसाळी जंगल असतं, इतकंच.

डेव्हिड विल्सन, रॉबर्ट हाइनसोन आणि जॉन एंडलर या तिघा संशोधकांनी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कमधल्या आयर्न रेंजच्या जंगलात या सापांचा अभ्यास करून २००७ साली निष्कर्ष मांडले. पिल्लं जंगलाच्या कडेला, मोकळ्या पडलेल्या जागी, जमिनीपासून फार वर न जाता राहतात आणि सापसुरळ्या, किडे अशा किरकोळ शिकारीवर जगतात. लांबी ५५ सेंटीमीटरच्या आसपास गेली की रंग पालटतो. त्याच सुमारास जबडा पक्षी गिळण्याइतका मोठा झालेला असतो आणि साप दाट पानांच्या छपरात वर सरकतो. शिकारी पक्ष्याच्या डोळ्याला काय दिसेल याचा हिशोब मांडून त्यांनी दाखवलं की खाली कडेला पिवळा रंग लपतो आणि वर पानांत हिरवा. म्हणजे मुक्काम बदलतो, ताट बदलतं आणि कपडेही बदलतात. यात किडलेला वंश कुठे आहे?

या अभ्यासातली एक गोष्ट पाळणाऱ्यांनी आणि त्यांच्या टीकाकारांनी दोघांनी लक्षात घ्यावी. रंगाचं वेळापत्रक कॅलेंडरला बांधलेलं नाही, अंगाच्या वाढीला बांधलेलं आहे. काचेच्या पेटीत वेळच्या वेळी उंदराचं पिल्लू मिळणारा साप आणि रानात शिकार चुकवणारा साप एकाच महिन्यात हिरवे होतील, ही अपेक्षाच चुकीची. शिवाय कुठल्या बेटाचा वंश आहे यावरही ते ठरतं. न्यू गिनीजवळच्या बियाक बेटाकडचे साप पूर्ण हिरवे व्हायला अनेकदा वर्षानुवर्षं घेतात, आणि मधल्या काळात पिवळ्या-हिरव्या ठिगळांचे दिसतात. अशा ठिगळांच्या सापाचा फोटो पाहून ‘बघा, काय हाल केलेत’ म्हणणाऱ्याने बियाकच्या झाडावरही तोच साप पाहिला असता.

हा एकट्या मोरेलियाचा तऱ्हेवाईकपणा म्हणावा तर तसंही नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाचूसारखा हिरवा वृक्ष-बोआ आहे. तो अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. अजगराशी त्याचं नातं फार दूरचं. त्याचीही पिल्लं विटकरी-नारिंगी जन्मतात आणि पुढे हिरवी होतात. अमेरिकेतला काळा उंदीरखाऊ साप जन्मतो राखाडी, पाठीवर गडद डागांची रांग घेऊन, आणि मोठेपणी जवळजवळ काळाकुळकुळीत होतो. लहानपणीच्या त्या डागांमुळे तो विषारी समजून मारला जातो, ही त्या बिचाऱ्याची वेगळीच शोकांतिका.

इतक्या लांब जायची गरजही नाही. आपल्याकडच्या कुठल्याही जाणत्या सर्पमित्राला विचारा. धूळनागिणीच्या पिल्लाच्या अंगावर फिकट आडवे पट्टे असतात. वाढ झाली की ते विरत जातात आणि साधा तपकिरी साप उरतो. गवत्याच्या पिल्लाच्या मानेवर पिवळ्या रंगाशेजारी ठसठशीत काळी खूण असते, मोठेपणी ती मावळते. मांडुळाचं पिल्लू तर तांबूस-नारिंगी असतं, शेपटीकडे काळी वलयं घेऊन आलेलं. हेच मांडूळ मोठं होऊन मातकट, काळपट दिसायला लागतं, तेव्हा गुप्तधनाच्या नादाने त्याच्या मागे लागणारे येतात. मांडुळाचा रंग पालटला म्हणून वनखात्यावर कोणी आरोप केल्याचं ऐकिवात नाही. जन्मताचं जावळ मुलाच्या डोक्यावर कायम राहत नाही म्हणून आपण दवाखान्याला दोष देत नाही, तसंच.

आणि सरड्याचं काय? सरड्यासारखा झपाट्याने रंग बदलणारा सापही आहे. बोर्निओतल्या कापुआस नदीच्या खोऱ्यातून एक चिखलसाप सापडला, त्याचं वर्णन २००५ साली शास्त्रज्ञांनी केलं. पकडून बादलीत ठेवला तेव्हा तो तांबूस-तपकिरी होता. थोड्या वेळाने झाकण काढलं तर जवळजवळ पांढरा. होंडुरासजवळच्या छोट्या बेटांवरचे बोआ दिवसा एक छटा दाखवतात आणि रात्री दुसरी. ‘साप फक्त कात टाकतो’ ही आपली म्हण झाली. सापांना ती माहीत नाही.

कातीचा उल्लेख आलाच आहे, तर तिथे थोडं थांबू. रंगबदल कातीबरोबर ‘उतरतो’ ही समजूत इतकी पसरलेली आहे की पैदासकारसुद्धा ‘दोन शेडनंतर बघा रंग’, म्हणजे दोन कातींनंतर, असं सांगत असतात. एखाद्या पिवळ्या सापाने टाकलेली ताजी कात हातात घ्या. ती अजून किंचित ओलसर असते, उलटी झालेली, मोज्यासारखी आतली बाजू बाहेर आलेली. डोळ्यांवरच्या दोन पारदर्शक टोप्याही तिच्यातच असतात. ती उजेडात धरली तर पिवळा रंग कुठेच दिसत नाही. गडद नक्षी असलेल्या सापाच्या कातीत त्या नक्षीची धुरकट सावली दिसते, कारण काळं रंगद्रव्य थोडंफार वरच्या थरातही असतं. पिवळा आणि तांबडा रंग मात्र खालच्या त्वचेत, कातीच्या हाती न लागणाऱ्या थरात असतो. तिथे तीन तऱ्हेच्या पेशी एकावर एक बसलेल्या असतात: पिवळी-तांबडी द्रव्यं सांभाळणाऱ्या, आरशासारखे बारीक स्फटिक बाळगून उजेड परतवणाऱ्या आणि तळाशी काळं द्रव्य पसरवणाऱ्या. बहुतेक सापांच्या अंगात हिरवं असं वेगळं द्रव्य नसतंच. स्फटिकांनी परतवलेला निळा उजेड वरच्या पिवळ्या थरातून गाळून आला की डोळ्याला हिरवा दिसतो. संग्रहालयात अल्कोहोलच्या बरणीत ठेवलेले हिरवे साप पुढे निळे पडतात, कारण पिवळं द्रव्य विरघळून जातं आणि आरसे तेवढे जागेवर राहतात. जिवंत सापातही हे दिसतं: मोरेलियाची मादी अंड्यावर आली की अनेकदा निळसर होते. तेव्हा रंग ‘उडाला’ किंवा ‘चढला’ म्हणून चालत नाही. आतल्या थरांची मांडणी बदलते, आणि ती बदलणं हे वाढत्या शरीराचं रोजचं काम आहे.

आता टीकाकारांचा खरा मोर्चा जिथे वळतो ते पाहू, म्हणजे माणसाने निवडून वाढवलेले रंग, ज्यांना या धंद्यात मॉर्फ म्हणतात. बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यातला, घाबरला की गुंडाळी करून डोकं आत लपवणारा लहानखुरा अजगर. त्याच्या मॉर्फची यादी आता कोणाच्याच पाठ राहण्यासारखी नाही. त्यातला बनाना म्हणून जो आहे, तो पिल्लूपणी स्वच्छ पिवळा आणि फिकट जांभळट असतो. वय वाढतं तसे अंगभर बारीक काळे ठिपके येतात. पेस्टल जन्मतो तेव्हा झळाळता पिवळा. दोन-चार वर्षांत तपकिरीकडे झुकतो. मक्यासाप, म्हणजे कॉर्न स्नेक, त्यातला स्नो हा प्रकार गुलाबी-पांढरा जन्मतो आणि मग गळ्याशी पिवळा येतो. त्यातल्याच ब्लडरेडच्या पिल्लाचं डोकं चक्क राखाडी असतं, लाल रंग पुढे भरत जातो. हे सगळं पैदासकारांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. मॉर्फ माणसाने निवडला हे खरं, पण त्याचं वयानुसार होणारं पालटणं त्या जनुकाच्या स्वभावातच आहे. ते दिसलं म्हणून साप आजारी ठरत नाही.

फसवणूक इथे होते ती दुसऱ्याच जागी. विक्रीच्या जाहिरातीत फोटो असतो पिल्लाचा, पंधरा दिवसांच्या, पहिली कात नुकतीच टाकलेल्या, पांढऱ्या पडद्यापुढे ठेवलेल्या पिल्लाचा. आईबापांचा फोटो मागितला तर विषय बदलतो. साप वीस-पंचवीस वर्षं जगतो, त्यातल्या पहिल्या काही महिन्यांचा रंग विकला जातो. याला फसवणूक म्हणायला माझी ना नाही. पण खोटं सांगितलं ते विक्रेत्याने. सापाने त्याचं वय लपवलेलं नाही.

दिवे, उष्णता आणि खाणं यांच्यावरच्या आरोपात थोडं तथ्य आहे, ते मान्य करतो. कात टाकण्याआधी काही दिवस साप मळकट दिसतो, डोळे दुधाळ निळे होतात, मग पुन्हा निवळतात. हे नेहमीचंच आहे. पण पोटाखालचे खवले लालसर झाले, खवल्यांच्या कडा उचलल्या, जागोजाग तपकिरी खरपुडी धरली, तर प्रकरण वेगळं. खालून तापवणाऱ्या चटईला थर्मोस्टॅट नसेल तर पोट भाजतं. आणि साप त्या जागेवरून उठून जात नाही, कारण खालच्या चटक्यापासून दूर व्हायचं त्याला नीट सुचत नाही. ओलसर, न बदललेल्या भुशात बुरशी आणि जिवाणू खवले कुरतडतात. रक्तात संसर्ग शिरला तरी पोट लाल होतं. ओळखायचं कसं? वाढीचा रंग दोन्ही बाजूंना सारखा येतो, नक्षीच्या रेषांचा मान राखून येतो आणि साप खात-पीत असतो. रोगाचा रंग नक्षीला जुमानत नाही. एका बाजूला, खालच्या अंगाला, उष्णतेच्या जागी लागून पसरतो, आणि हात लावला तर खवला सैल लागतो. हा फरक जो करत नाही तो पहिल्यावेळी निरोगी सापाला उगाच डॉक्टरकडे नेतो आणि दुसऱ्यावेळी भाजलेल्या सापाला ‘मोठा होतोय’ म्हणून घरीच ठेवतो. ‘सगळा रंगबदल म्हणजे रोग’ या ओरडीचं हे फळ आहे.

आता नात्यातल्या जोड्या आणि किडलेला वंश. या मुद्द्यावर टीकाकारांच्या हाती एक बिनतोड उदाहरण आहे, ते त्यांनी जरूर वापरावं, पण नीट वाचून. बॉल पायथनमध्ये स्पायडर नावाचा मॉर्फ १९९९ पासून बाजारात आहे. अंगावर बारीक काळ्या रेषांचं जाळं, मधे सोनेरी तपकिरी, कडेला पांढरा; दिसायला देखणा. त्याचं डोकं एका बाजूला कलतं, खाताना नेम चुकतो, घाबरला तर मान फिरकीसारखी पिळते, कधी उलटा पडून सावरता येत नाही. काहींना हे थोडं असतं, काहींना फार, पण कारण एकच: त्याच जनुकाचा परिणाम. २०२२ साली जर्मनीतल्या संशोधकांनी सूक्ष्म सीटी स्कॅन करून दाखवलं की या सापांच्या आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग, अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यालगतची पिशवी, बिघडलेल्या घडणीची असते. गर्भात रंगपेशी आणि कानाची घडण यांचे धागे एकमेकांत अडकलेले असतात. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरी अनेकदा बहिऱ्या असतात त्यामागेही असंच नातं आहे. ब्रिटनमधल्या आंतरराष्ट्रीय सर्पशास्त्र संस्थेने २०१८ साली आपल्या प्रदर्शनांत स्पायडर विकायला बंदी घातली. बरोबर केलं. अजूनही जे कोणी ‘थोडा वॉबल आहे, बाकी मस्त खातो’ म्हणून स्पायडर विकतात, त्यांच्यावर मी टीकाकारांच्या दुप्पट चिडतो.

पण नीट बघा, स्पायडरने कोणाची बाजू सिद्ध केली? त्याच्या आजाराची निशाणी रंग पालटणं ही नाही. स्पायडर अंड्यातून निघतो तेव्हाच देखणा असतो, फोटोत अगदी निर्दोष दिसतो. ज्या सापाकडे बोट दाखवून ‘बघा, रंग बिघडला’ म्हणतात तो मोरेलिया फांदीवर ठणठणीत बसलेला असतो, आणि जो जन्मापासून चित्रासारखा दिसतो तो डोकं सरळ धरू शकत नाही. दोघांना शेजारी ठेवलं तर रंगावरून ठरवणारा माणूस चुकीच्या सापावर दया करेल.

दुसरं उदाहरण याहून कडू आहे. जेसिका लायन्स आणि डॅनियल नाटुश या संशोधकांनी २००९ ते २०११ या काळात इंडोनेशियाच्या मालुकू, पश्चिम पापुआ आणि पापुआ प्रांतांतले सापांचे व्यापारी गाठले. बेकायदा पकडलेले ४,२२७ हिरवे अजगर त्यांनी नोंदवले आणि त्यांचा माग जकार्तातल्या पैदास केंद्रांपर्यंत काढला. दरवर्षी इंडोनेशियातून ‘पैदास केलेले’ म्हणून निर्यात होणाऱ्या हिरव्या अजगरांपैकी किमान ८० टक्के रानातून धरलेले असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. कागदावर पिंजऱ्यातलं बाळ, प्रत्यक्षात बेटावरून ओढून आणलेला जीव. हा घोटाळा रंग पाहून कधी पकडला गेला असता? पकडून आणलेला साप अस्सल रानटी, त्याचा रंगही अस्सल रानटी. ‘नैसर्गिक रंग तो चांगला’ या मापाने हाच साप सगळ्यात स्वच्छ ठरतो. लायन्स आणि नाटुश यांनी पडताळणीसाठी एक साधी अट सुचवली: पैदास केल्याचा दावा असेल तर अंड्यांची टरफलं दाखवा. टरफलांचा हिशोब जुळवणं अवघड, परवाने जुळवणं सोपं, म्हणून तर ती अट कोणाला नको असते. ज्यांना प्राण्यांचा खराच कळवळा आहे त्यांनी टरफलं मागावीत. पिल्लू पिवळं आहे की हिरवं यावर रान पेटवून त्या बेटांवरचा एकही साप वाचत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो. तिथे फार वेळ घालवायची गरज नाही, कारण तिथला युक्तिवाद लोभातून आलेला आहे. एका वेतात एक पिल्लू वेगळ्या छटेचं निघालं की त्याला नाव द्यायचं, किंमत लावायची, आणि पुढच्या हंगामात कोणी विचारलं तर ‘सिद्ध करतोय’ म्हणायचं. अंडी उबवताना पेटीतलं तापमान ढळलं तरी नक्षी विस्कटते, पट्टे तुटतात, डाग एकमेकांत मिसळतात. असलं वेगळेपण पुढच्या पिढीत उतरत नाही. उतरतं की नाही हे पाहायचा मार्ग एकच, आणि तो साठ वर्षांहून जुना आहे. १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात काळं द्रव्य नसलेला एक मक्यासाप सापडला. बर्नार्ड आणि एलिझाबेथ बेक्टेल या दांपत्याने त्याची पैदास करून, पिल्लं पुन्हा आपसांत जोडून, तो रंग अप्रभावी जनुकाने उतरतो हे दाखवलं आणि १९६२ साली ‘कोपिया’ या नियतकालिकात छापलं. एका सापापासून छापील दोन पानांपर्यंत नऊ वर्षं गेली. आजच्या बाजारात नऊ आठवडेही कोणी थांबत नाही. जनुकांचं कामही आता पुढे गेलं आहे: जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ साली त्या मक्यासापाच्या रंगाचं कारण नेमक्या एका जनुकात शोधलं, आणि २०२२ साली अमेरिकेत बॉल पायथनच्या तीन मॉर्फची जनुकं सापडली ती पाळणाऱ्यांनी पाठवलेल्या कातींमधून. साप दुखवावा लागला नाही, रक्त काढावं लागलं नाही. तेव्हा ‘नवीन मॉर्फ’ म्हणून पैसे मागणाऱ्याला विचारा, आजोबा कुठे आहेत, नातवंडं कुठे आहेत, आणि कात कुठे आहे.

भारतात या सगळ्याला कायद्याची बाजू आहे. आपल्या मातीतला कुठलाही साप, मग तो गवत्या असो की मांडूळ, घरात पाळणं गुन्हा आहे; त्याबद्दल चर्चाच नको. परदेशी साप मात्र येत राहतात, आणि नीट वाटेने फार कमी. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन आणि दोन मक्यासाप निघाले. अशा जनावरांचा हिशोब राहावा म्हणून वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम काढले. ज्याच्याकडे वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या यादीतली जिवंत परदेशी जात आहे, त्याने सरकारच्या परिवेश पोर्टलवर सहा महिन्यांत नोंद करायची होती.

इथे रंगाचा भ्रम नुसता वादाचा विषय राहत नाही. समजा एखाद्याने पिवळा मोरेलिया प्रामाणिकपणे नोंदवला. दीड वर्षाने तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला काचेमागे हिरवा साप दिसतो. ‘साप रंग बदलत नाही’ हे त्याने ऐकलेलं असेल, तर त्याच्या लेखी मूळ साप विकला गेला आणि दुसरा आणून बसवला. प्रामाणिक माणूस चौकशीत अडकतो. आता उलटं समजा. कोणी नोंदवलेला बॉल पायथन मेला, त्याजागी तस्करीचा नवा आणला, आणि विचारल्यावर सांगितलं, ‘साहेब, मोठेपणी रंग बदलतो ना यांचा.’ ज्या अधिकाऱ्याला कोणता रंग कसा आणि कितपत बदलतो हे ठाऊक नाही, तो या माणसाला सोडून देईल.

दोन्ही प्रसंगांत सोडवणूक तिथेच आहे, फक्त कोणी बघत नाही. बॉल पायथनच्या पाठीवरचा पिवळा तपकिरी होईल, पण त्याच्या कुशीवरच्या डागांचे आकार जन्मभर तेच राहतात. कुठे दोन डाग जोडलेत, कुठे एकात ठिपका आहे, हे डाव्या आणि उजव्या कुशीच्या दोन फोटोंवरून ताडून पाहता येतं. मोरेलियासारख्यात नक्षीच बदलते, तिथे कात कामाला येते. वर्षाला एक कात कोरडी करून, तारीख घालून, साध्या कागदी पाकिटात ठेवली, तर भांडण झाल्यावर जनुकं तपासून हाच तो साप की दुसरा हे सांगता येईल. खर्च पाकिटाचा. टीकाकारांनी सरकारकडे काही मागायचंच असेल तर हे मागावं, विक्रेत्यांनी खरेदीदाराला काही द्यायचंच असेल तर प्रौढ आईबापांचे फोटो आणि टरफलांचा हिशोब द्यावा. आणि नोंदणीच्या अर्जात सापाच्या रंगासाठी रकाना ठेवायचाच असेल, तर त्याशेजारी सापाची लांबी आणि ती कोणत्या तारखेला मोजली, हे दोन रकाने ठेवल्याशिवाय त्या पहिल्या रकान्यातलं काहीही कोणी ग्राह्य धरू नये.